एक मोकळी जागा

बरखेडा, भोपाळ
४ डिसेंबर १९९७

प्रिय प्रतिभा,

इंदूरला सगळे बरे असाल. इथे कडाक्याची थंडी पडलीय. क्वार्टरमागचा पेरू यंदा लगडलाय. तुला पाठवायचे म्हणत होते, राहून गेलं.

विभागात अजून तोच विषय आहे. प्रोग्रॅमची नवी आवृत्ती चढवली आणि चाचणी विभागातल्या सरोजताईंच्या मोटर-चाचण्यांची जुनी मोजमापं पुसली गेली. 'आधी मोजमापं काढून ठेवा' हा इशारा मशीनने दाखवलाच नाही. नव्या आवृत्तीत काय बदललं, काय जपायचं हे सांगणारी, तिच्यासोबत जाणारी घोषणेची फाइल वसंतने लिहिलेली, म्हणून तो सस्पेंड. परवा त्याची बायको सुमित्रा बाजारात समोरून गेली, माझ्याकडे बघितलंही नाही.

तो एकच सांगत होता, "मी इशारा लिहिला होता." मला खोटं वाटलं. मग फाइल उघडली. इशारा होता. फक्त ओळीच्या सुरुवातीच्या उद्गारचिन्हाआधी एक स्पेस, एक मोकळी जागा. तू इथे होतीस तेव्हा हा फॉरमॅट बसवताना आपण दोघी किती भांडलो होतो! माणसाला सहज वाचता यावा नि मशीनलाही. चिन्ह ओळीच्या अगदी पहिल्या जागी असेल तरच मशीन तो इशारा समजणार. वाचणाऱ्याला फरक कळतच नाही.

त्याच संध्याकाळी तुला फोन केला. एवढंच म्हटलं, "इशारा दिसला नाही, वसंतला घरी बसवलंय." तू म्हणालीस, "एका स्पेसवरून कोणी सस्पेंड करतं का गं?"

स्पेसचं मी बोलले नव्हते, प्रतिभा.

तेव्हापासून नको ते आठवतं. दिवाळीनंतर आलीस, "बघू दे ना आपला फॉरमॅट," म्हणत माझ्या खुर्चीत बसलीस. वसंतची फाइल माझ्याच मशीनवर जायला तयार होती. मी चहा सांगून आले तर स्क्रीन बंद, नि तू खिडकीशी. तुझ्या हक्काचं प्रमोशन त्याला मिळालं, तेव्हा मीही तुझ्यासोबत रडले होते. मोजमापं जातील असं तुला वाटलं नसेल. त्याला चार बोलणी बसावीत, एवढंच हवं असेल. की हेही मीच तुझ्या वतीनं रचतेय?

काल चौकशीत खुर्ची, फोन, सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, "मॅडम, वो तो आपकी सहेली है ना?" मी हो म्हटलं.

वसंत आज कामावर आला. माझ्या टेबलाला वळसा घालून आपल्या जागी गेला.

तुला बोलावणं येईल. ते माझ्याकडून आधी कळावं म्हणून लिहितेय. फोन करू नकोस. तुझा आवाज ऐकला तर मी पुन्हा विश्वास ठेवीन.

'तुझी' लिहायला हात जात नाही. नुसतीच,
विजया