मास्तरांचं घर आणि तुझं नाक

ती. ताई,

इथूनच वाकून नमस्कार (वाकलो हे खरं, उठायला सूनबाईंचा हात लागला). तुझे गुडघे आणि तुझे शेजारी, दोघांचीही कुरकुर थोडी कमी झाली असेल अशी आशा करतो. पत्रात तू दोन गोष्टी विचारल्या आहेस : माझी तब्येत कशी आहे, आणि आईची पेटी तुला कधी पाठवतो. पैकी तब्येत उत्तम आहे.

नात तीन महिन्यांसाठी परगावी शिकायला गेली आणि जाताना तिचा दाढीवाला सरडा माझ्या हवाली करून गेली. वीतभर अंग, वीतभर शेपूट आणि गळ्याखाली काट्यांची दाढी. आपल्याला कविता शिकवणारे मास्तर आठव, तेही असेच एक डोळा मिटून दुसऱ्याने वर्गाकडे बघायचे. म्हणून मी याला मास्तरच म्हणतो. रोज सकाळी त्याच्या काचेच्या टाकीसमोर बसून शाळेतल्या पाठ कविता म्हणतो आणि तो मान डोलावतो. उभ्या जन्मात असा श्रोता मिळाला नाही गं! (जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, सरडा मान डोलावतो तेव्हा ‘माझ्या हद्दीतून चालते व्हा’ असं सांगत असतो. बाई हुशार आहेत, पण कवितेचा कान नाही.)

टाकी त्याला अपुरी पडायला लागली, तेव्हा नातीला चकित करायला आपणच घर बांधावं असं मनात आलं. आता कवितेवर वाढलेला माणूस लाकूड कुठलं निवडणार? देवदार! नुसता शब्द उच्चारला तरी डोळ्यांपुढे डोंगरउतार उभे राहतात. घरात जुन्या फळ्या होत्याच (कुठल्या, ते मध्येच विचारू नकोस, ओघ तुटतो). चार दिवस खपून घर ठोकलं, वर चकचकीत वार्निश फासलं, उबेचा दिवा लावला, मास्तरांना आत ठेवलं आणि एक विरहगीत सुरू केलं. अर्ध्या तासात मास्तरांनी डोळे मिटले, तोंड उघडलं आणि डोकं खाली टेकवलं. मला वाटलं, करुणरस पोचला. आणखी दोन कडवी म्हटली.

सूनबाई धावत आल्या. “अहो बाबा, रस कसला! त्याला श्वास घेता येत नाहीये!”

शिवणाच्या टोपलीत घालून त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी प्राणवायू लावला. मी बाहेर बाकावर बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा एकही ओळ आठवेना. नातीला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात. दोन तासांनी मास्तरांनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, “आजोबा, तुमचा सुगंध म्हणजे याला धूर. दिवा तापला की लाकडातलं तेल आणि वार्निशचा वास सगळा याच्या छातीत जातो.”

आता नवं घर साध्या प्लायवुडचं केलंय. देवदार नाही, तसलंच वासाचं चिडाचं लाकूडही नाही. पाण्यात कालवायच्या पॉलिशचे तीन पातळ हात दिले, सांधे सिलिकॉनने बुजवले आणि वास मरावा म्हणून तीन आठवडे दारं उघडी टाकली. सुतार म्हणाला, “आजोबा, यावर कविता नाही सुचायची.” म्हटलं, बाबा रे, म्हणूनच तर घेतलं! मास्तर टाकीत ठणठणीत आहेत, पुन्हा मान डोलावतात आणि मी सुखात आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. : घराचा वास पुरता गेला का, हे माझ्या म्हाताऱ्या नाकाला कळत नाही आणि सूनबाईंना सर्दी झालीय. तुझं नाक मात्र असं, की मी बंद खोलीत शाई सांडली तरी तू अंगणातून ओरडायचीस. नात रविवारी येते. तू शनिवारीच ये, घरात डोकं घाल आणि दहा श्वास घे. तू ‘काही नाही’ म्हणालीस, तरच मास्तर राहायला जातील.

आणखी एक : आल्या आल्या तुझ्या नाकाला कळेलच, म्हणून लिहितो. त्या फळ्या म्हणजे आईची पेटी. तिच्यापासून झालेल्या घरात सध्या कांदे-बटाटे आहेत. झाकण मात्र शाबूत आहे, त्याला वार्निश लागलेलं नाही. आतल्या बाजूला अजून आईच्या घडीच्या कपड्यांचा वास येतो म्हणे. मला येत नाही. तुला येईल, म्हणून ते झाकण तू घेऊन जा. तू रागावशील तेव्हा मी मास्तरांसारखी नुसती मान डोलावीन. (त्याचा अर्थ डॉक्टरीणबाईंचा घेऊ नकोस, माझा घे.)