'अर्णवी'चं डावं इंजिन

कुरुळी,
गुरुवार, १८ सप्टेंबर

प्रिय निरू,

आज गुरुवार, लाईट नाही, शेड बंद. आईला जेवायला वाढलं, भांडी आवरली आणि वही घेऊन बसले. तुला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. तू अलिबागला होतास तेव्हाही फोनच करायचे. पण फोनवर तू घाईत असतोस, आणि मला जे सांगायचंय ते तुकड्यातुकड्याने सांगण्यासारखं नाही. तेव्हा हातातलं काम बाजूला ठेव, कुठेतरी एकटा बस आणि शेवटपर्यंत वाच.

आई बरी आहे. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला नवा छंद लागलाय. गॅलरीत खुर्ची टाकून हायवेवरच्या कंटेनरच्या नंबरप्लेट वाचत बसते. हा गुजरातचा, हा तामिळनाडूचा. गोव्याची गाडी दिसली की मला शेडमधून हाक मारून वर बोलावते, जणू तूच उतरणार आहेस त्यातून. मीही जाते. हात पुसत उभी राहते, गाडी जाईपर्यंत.

एप्रिलमध्ये निघोज्याचे मारुतराव शेडवर आले. त्यांच्या जमिनीवर आता कंपन्यांची गोदामं आहेत आणि हाताला काम उरलेलं नाही. लहानपणापासून इंद्रायणीवर गळ टाकून बसायचा नाद. आता नदीला नुसता फेस, मासा कुठला. म्हणून ह्या माणसाने थेट समुद्र गाठला. अलिबागच्या बाजूला एका खाडीत जुनी मोटरबोट घेतली. अडतीस फुटी, दोन डिझेल इंजिनं, पुढे निजायची केबिन, मागे मोठाले मासे गळाने धरण्यासाठी काठ्या रोवायची सोय. मला म्हणाले, "ताई, डावं इंजिन लय धूर टाकतंय. नवीन बसवावं का हेच खोलावं, तुमी सांगा. डिझेलमधी तुमचा हात धरणारं कोणी न्हाई, असं समदे म्हणत्यात." बोट विकणारा मुंबईचा. दाखवायला स्वतः आला होता, पण धक्क्यावरच उभा राहिला, बोटीत पाय ठेवला नाही. मारुतरावांना ती मोठ्या माणसाची ऐट वाटली.

बोटीचं नाव 'अर्णवी'. तू दोन वर्षं त्याच बाजूला काम केलंस, म्हणून मी त्याच आठवड्यात तुला फोनवर विचारलं. तू म्हणालास, "नाही आठवत," आणि रेंज जातेय म्हणून फोन ठेवलास. मेमध्ये पुन्हा विचारलं, तेव्हाही रेंज गेली. मी मनावर घेतलं नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही बोट चालवून बघितली. मारुतराव, त्यांच्या मंडळी कुशाबाई, बोट चालवणारे तिचे जुने तांडेल चिमाजी आणि मी. ऊन मरणाचं होतं. कुशाबाई पुढच्या केबिनमध्ये एसी लावून, दार ओढून पडल्या. मी खाली इंजिनांपाशी, स्क्रूड्रायव्हरचं एक टोक ब्लॉकला आणि मूठ कानाला लावून ऐकत होते. उजवं थकलेलं, पण सरळ. डावं पांढरा धूर टाकत होतं. अर्ध्या तासात माझं डोकं ठणकायला लागलं. उन्हामुळे असेल म्हणून वर आले, वाऱ्यावर उभी राहिले, बरं वाटलं. मग चहाला म्हणून कुशाबाईंना हाक मारली. दोनदा मारली. दार ढकललं तर त्या पाठीवर पडलेल्या, गाल लालबुंद, आणि हलवलं तरी डोळा उघडेना.

माझ्या आवाजाने चिमाजी धावत आले. निरू, त्या माणसाने काय झालं असं विचारलंच नाही. मारुतरावांना हाक मारली नाही, पाणी मागितलं नाही. आधी वरचं झाकण आणि दोन्ही खिडक्या उघडल्या, मग जाऊन डावं इंजिन बंद केलं, आणि मग कुशाबाईंना खांद्यावर घेऊन उघड्यावर आणलं. पंधरा-वीस मिनिटांनी त्यांना ओकारी झाली आणि त्या बोलायला लागल्या. मारुतराव म्हणाले, बोट लागली, पहिल्यांदाच बसली ना. मीही मान हलवली. पण येताना सगळ्या रस्त्याने मला त्या उघडलेल्या खिडक्याच दिसत होत्या.

जूनमध्ये बोट किनाऱ्यावर ओढली आणि दोन्ही इंजिनं टेम्पोने कुरुळीला आली. डाव्यात समुद्राचं पाणी शिरलेलं, दोन सिलिंडर आतून गंजलेले. पाणी कुठून आलं हे शोधत मी मागे गेले. तुला सांगायला नको, धूर आणि समुद्राचं पाणी जिथे एकत्र होऊन बाहेर पडतात तो एल्बो आतून खारानं खाल्ला जातो. हा तर चाळणी झाला होता. पण बाहेरून गुळगुळीत, पांढरा रंग मारलेला. रंग खरवडला तर खाली पुट्टी, पुट्टीखाली काचेच्या कापडाची पट्टी, दोन्ही टोकांना क्लॅम्प, त्यांचे स्क्रू एकमेकांच्या विरुद्ध बाजूला. पट्टी एका जागी सुटली होती. धूर तिथून निघून इंजिनाच्या खोलीत आणि तिथून फळ्यांच्या फटींतून केबिनमध्ये जात होता. डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड, तो विषारी वायू, एरवी कमी असतो, पण थकलेल्या इंजिनाला आणि बंद केबिनला तेवढा पुरतो.

क्लॅम्पखाली बारीक सुईने कोरलेला 'श्री' होता. त्याच्याखाली तारीख. १४ नोव्हेंबर २०२२.

तू दहावीनंतर शेडवर यायला लागलास तेव्हा पहिल्या पान्यावर 'श्री' कोरला होतास. काम नीट झालं की कोरायचास, आणि मी हसायचे. त्या दिवशी मी एल्बो गोणपाटात गुंडाळला, कपाटात ठेवला आणि कुणाला काही बोलले नाही. जुलै असाच गेला. मारुतराव विचारायचे, काय ठरलं ताई. मी म्हणायचे, बघते.

ऑगस्टमध्ये मी एकटी एसटीने खाडीवर गेले. चिमाजी जाळं विणत बसले होते. गोणपाट सोडून एल्बो समोर ठेवला, तरी त्यांनी त्याला हात लावला नाही. बराच वेळ विणत राहिले. मग म्हणाले, "ताई, बाळू पण तिथंच झोपलेला. त्याच बिछान्यावर."

बाळू त्यांच्या हाताखालचा खलाशी, वय सव्वीस. फेब्रुवारीत, पट्टी बांधल्यापासून तीन महिन्यांनी, बोटीच्या मालकाचे, त्या मुंबईच्या सेठचे पाहुणे दुपारी मागे गळ टाकून बसले होते. बाळू पहाटेपासून जागा, म्हणून केबिनमध्ये जाऊन पडला. इंजिन चालूच होतं. संध्याकाळी उठवायला गेले तर उठला नाही. सेठने धक्क्यावर सांगितलं की तो प्यायला होता. डॉक्टरने हृदय लिहिलं. चिमाजी म्हणाले, बाळूने आयुष्यात थेंब घेतला नव्हता, पण सेठपुढे बोलणार कोण. नंतर बोट बांधूनच ठेवली आणि यंदा विकली. मी विचारलं, मेकॅनिकला बोलावलं होतं का. तर म्हणाले, "निरूभाऊ दुसऱ्या दिवशी आले. खाली उतरले, एल्बोला हात लावला, केबिनचं दार उघडून बघितलं. आणि तसेच गेले. परत आले नाहीत."

तो फेब्रुवारी मला आठवतो. तू बॅग न घेता घरी आलास. तीन दिवस शेडमधली सगळी हत्यारं काढून डिझेलने धुतलीस, एकेक पाना पुसून अंगठ्याने तपासलास. मी आईला म्हटलं, बघ, पोराला कामाची ओढ किती. चौथ्या दिवशी गोव्याला काम मिळालं म्हणालास आणि गेलास. तू तीन दिवस माझ्यासमोर बसला होतास निरू, आणि मी तुला एक शब्द विचारला नाही.

चिमाजींनी मला बाळूच्या घरी नेलं. त्याची बायको रुपाली सुकट वाळत घालत होती. कशासाठी आले हे मी सांगू शकले नाही. इंजिनांचं काम करते एवढंच म्हणाले. तिने चहा केला. निघताना म्हणाली, "तुम्ही पुण्याकडच्या, शिकलेल्या आहात. एवढं सांगाल का, दारू न पिणारा माणूस दारूने मरतो का? माझी सासू अजून मला विचारते." मी म्हटलं, नाही मरत. तेवढंच सांगून एसटी गाठली.

आता माझं ऐक, कारण हे मी अजून कुणापाशी बोललेले नाही. ती पट्टी तुला मीच शिकवली. महाळुंग्याच्या त्या कंपनीच्या जनरेटरचा धुराचा एल्बो फुटला होता, शनिवार, सेकंड शिफ्ट तोंडावर आणि नवा एल्बो बुधवारी येणार होता. मी म्हटलं, चार दिवसांपुरतं बांधून देऊ. कापड मी कापलं, तू गुंडाळलंस. बुधवार गेला, कंपनीने नवा मागवलाच नाही, आणि आपली पट्टी सात महिने टिकली. आपण दोघं त्यावर किती हसलो होतो. तो जनरेटर उघड्यावर होता, धूर कुठेही गेला तरी वाऱ्यावरच जाणार होता. बंद जागेत हे कधी करायचं नाही, हे मी तुला सांगितलं होतं का? महिनाभर आठवून बघतेय. सांगितलं नसावं.

परवा मारुतरावांच्या घरी जाऊन मी सगळं सांगितलं. माझा भाऊ आहे हेही सांगितलं. ते हळू आवाजात म्हणाले, "ताई, भाऊ हाय तुमचा. दोन्ही इंजिनं नवी मागवलीच हायती. जुनी न्यायला त्याच कंपनीची गाडी येतीय, त्यात एल्बोसकट जाऊ द्या. भट्टीत गेलं की संपलं. आमी कुणाला काय बोलणार न्हाई." मनापासून म्हणाले ते. कुशाबाईंनी माझ्यापुढची कपबशी उचलली आणि आत गेल्या. अजून त्यांचं डोकं दुखतं, सकाळी उठल्यावर वार आठवत नाही, हे त्यांच्या सुनेने मला दारात सांगितलं.

काल गाडी आली. ड्रायव्हरने कागद पुढे केला, दोन इंजिनं असं त्यावर लिहिलेलं होतं. चेन ब्लॉकने उजवं चढवलं. डाव्याला साखळी लावली, वर उचललंही. तेवढ्यात आईने वरून हाक मारली, गोव्याची गाडी आलीय म्हणून. मी वर गेले नाही. साखळी सोडली, डावं खाली घेतलं आणि कागदावर दोन खोडून एक केलं.

सोमवारी मी एल्बो घेऊन तिकडच्या पोलीस ठाण्यात जाणार आहे. चिमाजी सोबत येतायत. तुझं नाव सांगेन, आणि पट्टी कुणी शिकवली तेही सांगेन. तिथून रुपालीच्या घरी जाऊन, त्या दिवशी राहिलेलं बोलेन. आईला रविवारी सांगणार आहे. कसं ते अजून ठरत नाही. तुझी परवानगी मागायला हे लिहिलेलं नाही, आणि तुला निघून जायला वेळ मिळावा म्हणूनही नाही. तू अडीच वर्षं तिकडे बोटींची इंजिनं करतोयस. पावसाळ्यात ओढून ठेवलेल्या बोटी पंधरा दिवसांत पाण्यात जातील आणि दुपारी कुणीतरी दार लावून झोपेल. पाकीट उद्या कुरिअरने पाठवतेय, शनिवारी तुला मिळेल. तेव्हा फोन कर. झालेल्याबद्दल काही बोलू नकोस, रडूही नकोस. आणखी कुठल्या बोटींना तू ती पट्टी बांधलीस, त्यांची नावं मला सांग. एकेक, सावकाश. मी लिहून घेईन.

तुझीच,
विजूताई