वैजापूरच्या अनारशांचं वाण

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

उस्मानपुरा, औरंगाबाद
सोमवार, ६ जुलै २०१५

ती. सौ. वैदेहीताईस,

कालिंदीचा नमस्कार. आम्ही दोघं इथं बरी आहोत. तुझे गुडघे काय म्हणतात? तेल कोमट करून लाव, कडक नको. तू पाठवलेला डबा आणि ताम्हण सारजाबाईंनी शुक्रवारी घरी आणून दिलं. तेहतीसच्या तेहतीस अनारसे अखंड आले, एकाचाही तुकडा पडला नाही. अधिक महिन्याचं वाण यथासांग दिलं गेलं, तू काळजी करू नकोस. सारजाबाई उद्या लेकीकडून परत वैजापूरला निघतील, त्यांच्याच हाती हे पत्र देते. फोन केला असता, पण तुमचा फोन भाऊजींच्या खिशात असतो.

इथं पाण्याचे हाल चालू आहेत. नळ चौथ्या दिवशी, तोही तासभर. समोरचा बंगला पाडून पाच मजली इमारत उभी राहिली, त्यांनी दोन बोअर घेतले, आणि तेव्हापासून आमच्या बोअरची मोटर नुसती हवा ओढते. मी तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला घालते, फरशी पुसायचं पाणी संडासात. तुमच्याकडे पेरलेलं उगवलं का? इथं आभाळ येतं आणि तसंच जातं.

ओवी आणि वैजनाथराव काल यायचे होते. शनिवारी सकाळीच हैदराबादहून ओवीचा फोन आला, त्यांना सुट्टी मिळाली नाही. आता तू विचारशील, जावईच आले नाहीत तर वाण दिलं कुणाला. तेच लिहायला बसले आहे, आणि दोन पानं पाण्यावर घालवली असती तरी ते टळणार नव्हतं.

शनिवारी नऊच्या सुमारास दारात तुझा हिमांशू उभा होता.

तू सांगितलं होतंस, त्याचं नाव पत्रात काढायचं नाही. तीन वर्षं मी काढलं नाही. आज काढते आहे. पुढचं वाचायचं की चुलीत घालायचं ते तुझ्या मर्जीवर, पण वाचावंस असं मला वाटतं.

बरोबर हनुमान होता. तोच, ज्याच्याबरोबर हिमांशू राहतो. जतकडचा आहे, घरी मेंढरं. हा शिकला, पुण्यात शाळेत गणित शिकवतो. आपलं शहर त्यानं कधी पाहिलेलं नव्हतं, वेरूळ बघायची फार हौस, म्हणून दोन दिवसांसाठी आले होते. स्टेशनजवळ लॉजवर खोली ठरवलेली. तिथं हिमांशूच्या कार्डावर वैजापूरचा पत्ता दिसला, आणि जिल्ह्यातल्या माणसाला आम्ही खोली देत नाही, म्हणाले. आमच्याकडे यायचं नाही असं हिमांशू ठरवूनच आला होता. हे मला हनुमाननंच सांगितलं. "तो नको नको म्हणत होता काकू, मीच म्हणलं, मावशी हाकलून तर देनार न्हाई."

मी दोघांना आत घेतलं. चहा टाकला.

तेवढ्यात टँकर आला. ह्यांची कंबर तुला ठाऊक आहे. हनुमाननं मला पायरी उतरू दिली नाही, सगळ्या बादल्या एकट्यानं वर आणल्या, पिंप भरलं, हंडे भरले, शिवाय खाली सांडलेलं पाणी पोत्यानं टिपून मोरीतल्या बादलीत पिळलं. पाण्याची किंमत असलेल्या घरातला मुलगा आहे. दुपारी दोघं मकबरा बघून आले. "कारंजी कोरडी होती काकू, पन त्या दगडाच्या जाळ्या बघत दोन तास गेलं." हे एरवी पाहुण्यांशी बोलत नाहीत, पण त्याच्याशी जेवताना घटकाभर मेंढरांविषयी बोलत बसले.

काल सकाळी वेरूळ आणि घृष्णेश्वर करून बारापर्यंत परत आले. मला संकष्टी, त्यामुळे धोंड्यांचं पुरण चव न बघताच केलं होतं. हिमांशू देवाला नमस्कार करायला आला, तर तिथं तुझा डबा.

"मावशी, हा आमचा ना?" झाकणावर तुझं नाव घातलेलं आहे, त्यावर बोट फिरवत होता. झाकण काढून वास घेतला. "आईच. खसखस नेहमीसारखी जास्त."

मी म्हटलं, "वाणाचे आहेत. तिला मुलगी नाही, म्हणून दर अधिकात माझ्या जावयाला द्यायला पाठवते."

"वैजनाथ तर आले नाहीत."

"देवळातल्या गुरुजींना देईन."

"हो, बरोबर आहे," तो म्हणाला. "आईला जावई कुठला."

आणि झाकण घट्ट लावून त्यानं डबा होता तसा ठेवला. एक अनारसा घेतला नाही, मागितलाही नाही. ताई, तीन वर्षांत तुझ्या हातचं काही त्याच्या तोंडी गेलेलं नाही. तरी वाणाचं म्हणून त्यानं हात लावला नाही. हे वळण तूच लावलेलं.

मला तिथं उभं राहवेना. पाट मांडला, रांगोळीची दोन बोटं ओढली आणि हनुमानला हाक मारली. तो हात पुसत आला. मी म्हटलं, "बस. जावयाचं वाण आहे." तो हिमांशूकडे बघायला लागला. मग हळूच म्हणाला, "काकू, मी जावई का सून?"

"सुनेची कामं कालच करून झालीत तुझी," मी म्हटलं. "आज जावई म्हणून बस."

ह्यांनी वर्तमानपत्र घडी करून ठेवलं आणि संकल्प सांगायला पुढे आले. विचारलं, "कुणाच्या नावानं?" मी तुझं नाव सांगितलं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पाणी सोडायला लावलं. ताम्हणात तेहतीस अनारसे, वर दिवा. त्यानं दोन्ही हातांनी घेतलं, आधी कपाळाला लावलं. मग एक उचलून हिमांशूच्या हातात ठेवला. "आता हे माझं झालं न्हवं? मग मी कुनालाबी देईन."

हिमांशूनं तो उभ्यानंच खाल्ला. मग मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत होता, आणि मी पाण्यावरून त्याला काही म्हटलं नाही.

ताई, हे माझ्या हातून चुकून झालेलं नाही. आणि तुला अजून एक सांगायचं राहिलं आहे. तुला वाटतं, पुण्याच्या कुणीतरी भाऊजींना कळवलं. पुण्याचं कुणी नव्हतं. मी त्याच्यासाठी स्थळ काढलं, तेव्हा माझ्याच स्वयंपाकघरात बसून त्यानं मला सगळं सांगितलं होतं. म्हणाला, "आईला मी स्वतः सांगेन मावशी, दिवाळीपर्यंत गप्प राहा." मी आठ दिवससुद्धा राहिले नाही. धर्माचं काम करते आहे असं वाटून फोन लावला, तो भाऊजींनी घेतला, आणि मी सांगून टाकलं. तुझ्या कानावर त्याच्या तोंडून आलं असतं तर तू काय म्हणाली असतीस, ते मी कुणालाच कळू दिलं नाही. तुलासुद्धा. तीन वर्षं रोज पोथी वाचते, पण ही गोष्ट त्या पोथीखाली जात नाही. हिमांशूला माहीत आहे मी सांगितलं ते. काल निघताना त्यानं वाकून नमस्कार केला, आणि त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

अजिंठा बघायचा राहिला, म्हणून येत्या शनिवारी ते पुन्हा आमच्याकडेच येणार आहेत. मी म्हटलं, आईला कळवते. तो म्हणाला, "ती येणार नाही." अधिक महिना सोळा तारखेपर्यंत आहे. दिलेलं वाण परत घेता येत नाही हे तुला मी सांगायला नको. ज्याला तू ते दिलंस, त्याचं तोंड तेवढं तू अजून पाहिलेलं नाहीस. सकाळी साडेसातला एस.टी. आहे. भाऊजींना खरं सांगून नीघ. रागावले तर सगळं माझ्यावर घाल, ते माझंच आहे.

तुझ्या नावानं तुला न विचारता दान केलेली, आणि त्याआधी तुला न विचारताच तुझा मुलगा तोडलेली,

तुझी धाकटी,
कालिंदी