तोंड अक्काकडं

३ ऑगस्ट २०२५, रविवार

“सोनल, पाठ टीव्हीकडं कर, तोंड अक्काकडं.”

आप्पांचं हे वाक्य आज दिवसभर डोक्यात. टीव्ही घरी आला तेव्हा मी आठ वर्षांची, अक्का बारा. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. मी टीव्हीला टेकून बसायची आणि कानावर पडेल ते ओठांनी तिला सांगायची, आवाज न काढता. चित्र मी पाहिलंच नाही. मालिकेत कोण रडतंय ते मला अक्काच्या चेहऱ्यावर दिसायचं.

आज गडमुडशिंगीला अक्काच्या घरी गेले तर ती मालिका बघत होती. आवाज बंद, खाली मराठी अक्षरं. मीच लिहिलेली — आता हेच माझं काम. शेजारी बसून मीही वाचत राहिले. पाऊण तासात तिने एकदाही माझ्या ओठांकडे पाहिलं नाही.

निघताना तिने पेनड्राइव्ह हातात ठेवला. माझ्या लग्नाची कॅसेट कागलला जाऊन उतरवून आणलीय. खुणेनं म्हणाली — खाली अक्षरं घाल. सगळी.

७ ऑगस्ट

निम्मं झालं. [सनई]. [हशा]. आप्पा आचाऱ्याला दम देतात, “जिलबी कमी पडली तर तुलाच कढईत सोडतो बघ!” आप्पा जाऊन दोन वर्षं झाली, आणि आज त्यांचा आवाज. तीनदा ऐकला.

९ ऑगस्ट

कॅसेटमध्ये एक तास बावीस मिनिटांवर. अक्का पाण्याचा तांब्या घेऊन येते. माझ्या चुलत सासूबाई विचारतात, “ही कोण गं?” मी अक्काकडे बघते. मग तोंड फिरवून उत्तर देते.

ते उत्तर मला कॅसेटशिवायही पाठ आहे.

आमच्या कामात एक सोय असते. ऐकू आलं नाही तर कंसात तसं लिहायचं. लिहिलं — [सनईच्या आवाजात ऐकू येत नाही]. पाठवून दिलं.

१० ऑगस्ट

अक्काचा मेसेज: “आप्पांचं वाचून लई हसलो.”

थोड्या वेळानं दुसरा: “सनई कुठली? सनईवाला तुझ्या मागं च्या पितोय. नीट बघ की.”

पाहिलं. खरंच. सनई मांडीवर, बशी ओठाला. चित्र बघायला मी कधी शिकलेच नाही.

मग तिसरा: “एकवीस वर्षं झाली. जन्मभर तोंड माझ्याकडं करून बोललीस. तेवढ्यालाच फिरवलंस. काय म्हणालीस?”

११ ऑगस्ट

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. लहान नव्हते.

१३ ऑगस्ट

कंस काढला. अक्षरं घातली: “कामाला असती आमच्यात.”

सकाळी नऊला पाठवलं. तिने लगेच पाहिलं. संध्याकाळ झाली. उत्तर नाही.

१५ ऑगस्ट

नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

नको म्हणेल, माहीत आहे. तरी लिहिलं — “अक्का, आज येऊ? अक्षरं बंद कर. मी पाठ टीव्हीकडं करून बसते.”