चौकडीचा तुकडा

८ सप्टेंबर, रविवार

परत तेच! मी काय वाईट बोललो? नांदायला जा म्हणालो. लग्न झालेल्या बहिणीला भाऊ दुसरं काय सांगणार — माहेरात बसून राहा? संपदीला वाटतं मी आबांच्या बाजूचा. आई असती तर तीही हेच बोलली असती. बोलली असती का, काय माहीत.

फोनवर म्हणे, "दादा, तुझ्याकडं येऊ का? दोन घरची भांडी घासीन." इकडं, बनारसला! मी दिवसभर गलाईच्या दुकानात, सोनं गाळायच्या भट्टीपुढं. खोली म्हणजे शरदिनीकाकूंच्या जिन्याखालची जागा. पाय लांब केले की दार उघडत नाही. कुठं ठेवू तिला? हे बोललो. मग नुसता तिकडच्या पंख्याचा आवाज. मीच फोन ठेवला.

दाजीनं हात उचलला, ते बरोबर नाही. पण आबा म्हणतात पहिलं वर्ष असंच जातं.

१० सप्टेंबर

आबांचा फोन. दसऱ्याला तिला जतला, सासरी पोचवायचं ठरलं. मधे पितृपक्ष आहे, म्हणून थांबलेत. दाजीच्या गाडीचे हप्ते थकलेत, वीस हजार दिले की त्याचं डोकं शांत राहील म्हणाले. शेठकडून उचल घेतली, पाठवले.

१५ सप्टेंबर, रविवार

गंगा चढलीय. रामघाटाच्या खालच्या पायऱ्या गेल्या पाण्यात, गल्लीत गाळाचा वास. दुकान बंद. कुठं जाऊ? दोनदा घाटावर जाऊन आलो, तिसऱ्यांदा निघालो तर काकूंनी अडवलं. "किती चकरा मारतो रे? इकडे बस. कागद काट."

रविवारी काकूंच्या चौकात गल्लीतल्या बायका-पोरींचा वर्ग असतो. शिवण, रफू, लोणची, सगळं. सध्या गोधडी चाललीय. मदनपुऱ्याच्या विणकरांकडून साड्यांची कतरन आणतात, रेशमी चिंध्या. कागदाचा सहा कोनांचा तुकडा कापायचा, त्यावर कापड दुमडून कच्चा टाका घालायचा, मग काठाला काठ जोडत जायचं. मधमाशीच्या पोळ्यासारखं होतं. आमच्याकडं वाकळ म्हणजे जुनेर एकावर एक टाकायचं आणि धावदोरा मारायचा. आई मारायची.

कागद म्हणजे जुन्या लग्नपत्रिका. मी कापत बसलो. काकूंची मुलगी हिमानी म्हणाली, "भैया, सुई में धागा डालना आता है, की सिर्फ सोना पिघलाना?" बायका हसल्या. ओवून दाखवला. पण तेजाबानं बोटं पिवळी आणि खरखरीत झालीत, रेशीम अडकतं त्यात. धागे निघाले. हिमानी म्हणाली, "इसको सूती दो, अम्मा."

या घराण्याचं मूळ म्हणे आपल्याकडचंच. काकूंना आमचं विटा कुठं आलं ते माहीत नाही. मी सांगितलं सांगलीकडं, तर म्हणाल्या, "अच्छा, पुण्याच्या बाजूला." बरं, पुण्याच्या बाजूला!

१९ सप्टेंबर

काम जास्त. संपदीनं फोन उचलला नाही.

२२ सप्टेंबर, रविवार

ठरवलं — संपदीला एक गोधडी करून देतो, रेशमाचीच. जाताना हातात काहीतरी पाहिजे. भावानं काही दिलं असं तरी होईल. काकू म्हणाल्या, "कर की. पण तुझ्या बुडाला चैन नाही, तुझ्यानं होईल का?"

नाहीच झालं. एक फूल जोडलं, मधे एक आणि भोवती सहा. कडेचे कागद आत ठेवायचे असतात. मी उत्साहात सगळे उपसून टाकले. फूल लोळागोळा झालं, एकेक टाका सुटला. काकू रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "सगळ्या बाजूंनी शेजारी लागल्याशिवाय कागद काढायचा नाही. एकटा तुकडा आकार धरत नाही रे." परत पहिल्यापासून.

मग दुसऱ्या कुणाच्या तयार गोधडीतून कागद काढायला बसवलं. वर्गातल्या एका पोरीचं लग्न आहे, तिची गोधडी. मी ओढत गेलो. एक हळदी तुकडा वाजला हाताखाली, ओढणार तर काकूंनी चापट मारली. "तो राहू दे. तो कागद नाही." काय आहे विचारलं तर सगळ्या बायका सुईत मान घालून बसल्या.

२९ सप्टेंबर, रविवार

आज हिमानीनं सांगितलं. पापड वाळत घालायला गच्चीवर चटई धरून उभा होतो तेव्हा.

तिचं लग्न रामनगरला झालं होतं, पुलापलीकडं. सासरी जाताना काकूंनी गोधडी दिली. बोलल्या फक्त एवढं — ही कुणाला देऊ नकोस, आणि राहवलं नाही तर हळदी तुकडा उसव. नवऱ्यानं पैसे काढून घेतले, मोबाइल काढून घेतला, कपाटाला कुलूप घातलं. गोधडीकडं कोण बघतंय! एक दिवस हिला मारून तो बाहेर गेला. हिनं तुकडा दातानं उसवला. पन्नासची नोट. रिक्षाचं भाडं, पूल ओलांडण्यापुरतं.

"फिर?"

"फिर क्या. आ गई. अम्मानं दार उघडलं, विचारलं काही नाही. म्हणाली हात धू, वरण गरम आहे."

या वर्गातली कुठलीही पोर सासरी जाते तेव्हा तिच्या गोधडीत एक नोट जाते. घरापर्यंतच्या भाड्याची. पोरीच्या बापाला सांगत नाहीत, भावाला तर नाहीच. हिमानी म्हणाली, "भाई लोग ही तो छोड़ने जाते हैं वापस."

माझ्याकडं बघून नाही बोलली. पापड बघत होती.

३ ऑक्टोबर

घट बसले. शेठनं दुकानात नारळ फोडला.

संपदीनं फोन उचलला. मी विचारलं, दाजी नक्की काय करतो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा विचारलं. ती म्हणाली, "जाऊ दे ना. आता जायचंच आहे." मी परत विचारलं. मग सांगितलं तिनं. इथं लिहीत नाही.

मी आबांना फोन लावला. आबा म्हणाले, "पैसे पोचलेत त्याच्याकडं. आता गावात तोंड दाखवायचं की नाही मी? आणि तूच म्हणाला होतास, नांदू दे." म्हणालो होतो.

संपदीला परत लावला. म्हणाली, "जाते रे दादा. तू नको त्रास करून घेऊ. आवाज बसलाय तुझा, आलं घालून चहा घे."

६ ऑक्टोबर, रविवार

गोधडी झाली. काकू आणि हिमानी दोघींनी हात लावला म्हणून झाली. वेडीवाकडी आहे, एका कोपऱ्यात तुकडे ताणलेत. तीन दिवस कामावरून आलो की सुईच हातात.

काकूंकडं नोटेचं विचारलं. त्यांनी आधी हिमानीकडं बघितलं, मग म्हणाल्या, "रंग तिला ओळखता आला पाहिजे." मी माझा चौकडीचा शर्ट कापला, मागून, खाली खोचतो तिथला. बनारसला निघालो तेव्हा संपदीनंच विट्याच्या बाजारातून आणला होता, स्वतःच्या पैशानं. सगळ्या रेशमात तो एकच सुती. त्याच्या आत दोनशे ठेवले. जत ते गाव एसटी, बायकांना अर्धं तिकीट, पुरून उरतील.

तिला फोन केला. आबा शेतात गेल्यावर.

"गोधडी येतीय. कुणाला देऊ नको."

"तू शिवलीस? तू?"

"माझा शर्ट सापडंल त्यात. राहवलं नाही तर तो उसव."

"रेशमात तुझा शर्ट!" हसली. मग हसायची थांबली.  मग म्हणाली, "बरं."

शेठही आमच्याकडचेच, उद्या दसऱ्याला गावी निघालेत, तेच तिच्या हातात देतील.

७ ऑक्टोबर

शेठची गाडी संध्याकाळची. दुपारी चौकडीचा तुकडा परत उसवला. दोनशे काढले. दोनशेत घर येतं, आणि घरात आबा आहेत. दुसऱ्या दिवशीच्या एसटीत बसवतील परत.

काकूंना विचारलं, जिन्याखाली दोघं मावू का. म्हणाल्या, "ती हिमानीजवळ झोपेल. तू आपला दार उघडायचं बघ."

जत ते मिरज एसटी, मिरज ते बनारस रेल्वे, वर दोन दिवसांचं खाणं. किती निघाले ते बघून तिला कळंल कुठं यायचं.

तुकड्यात घालून पाठवले — पंधराशे.