कमरेची सुई

१४ जुलै
आज दुसरी सुई. पहिलीला तीन आठवडेही झाले नाहीत. पहिला डॉक्टर म्हणाला होता, पुढच्या सुईला तीन महिने थांबा. धानाचा रोवणा थांबतो का तीन महिने? म्हणून दुसऱ्याकडे गेले, पहिलीचं सांगितलंच नाही. रोवण्याच्या टोळीतल्या आठजणींनाही सोबत नेलं, त्यांनीही घेतली. टोळी मी जमवते, त्यांच्या कमरा कोण बघणार?
दुपारून बांधीत रोपं लावायला वाकले. कळ नाही. जादू!

२४ जुलै
तहान, नुसती तहान. सारखं बांधाआड जावं लागतं, बाया हसतात. सानगडीच्या बाजारात मामेबहीण भेटली. "तोंड भरलं वो तुहं! तब्येत बनली." खूश झाले मी.

३ ऑग.
पायाला चिखल्या. दरसाल होतात, हळद-तेलानं जातात. या वेळी एक बोट काळं पडलंय. तरी तिसरी सुई घेतली. बांध्या बाकी होत्या ना.

७ ऑग.
सरकारी दवाखाना. साखर साडेतीनशेच्या वर. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "सुया किती?" तीन म्हटलं. पेन खाली ठेवला त्यांनी. "कंबरदुखी थांबवणारी ही सुई साखर चढवते, तोंड सुजवते. तुमची आधीच थोडी वाढलेली असेल. कोणी तपासली नाही?"
कोणीच नाही. मीही विचारलं नाही.
भात कमी करा म्हणे. भंडारा जिल्ह्यात! बोटाचं आठ दिवसांनी बघू. बघू म्हणजे कापू, एवढं कळतं मला.

८ ऑग.
ह्यांचा पहिला प्रश्न : "आता टोळी कोन पायल?" पायाचं नाही विचारलं. चीड आली.

१० ऑग.
बायांना घरी बोलावलं. पाय दाखवला. म्हटलं, सुई नका घेऊ, आधी साखर तपासा. टोळीतलीच माझी धाकटी जाऊ देवकी म्हणाली, "तुमीच त नेलं होतं आमाले. आता तुमी घरी बसल्या, त आमी भी बसाव का?" चहा न पिता गेल्या.
तिचं काय चुकलं? पण तिच्या आईलाही साखर होती, तिचीही चढली तर?

१३ ऑग.
उद्या बोट कापणार. सकाळी कळलं, ऑटो करून सगळ्या सुई घ्यायला गेल्या. देवकीला फोन लावला.
"लाईन लय हाये, बाई. तुमचं नाव सांगतलं आतमंदी. वळखीनं पयला नंबर लावून राहिले माहा."
नको म्हणून ओरडले. फोन तिनं ठेवला, की कटला? परत लावतेय. उचलत नाही.