भेगांची वही

मी, दयाराम संपत इंगळे, वय एकाहत्तर, धंदा बांधकाम ठेकेदारी, राहणार धामणगाव बढे, ता. मोताळा, जि. बुलढाणा, कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. पत्नी जनकाबाई यांचे मत वेगळे आहे, पण त्यांची सही इथे लागत नाही. शुक्रवारी अकोल्याला माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे, म्हणून ही घाई.

१. राहते घर जनकाबाईंना. जिन्याची शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा दोन बोटे उंच आहे, ती चूक माझी. वीस वर्षे त्या तिथे ठेचकाळतात आणि ठेकेदार वामनरावांच्या जिन्यांचे कौतुक करतात.

२. काँक्रीटचा मिक्सर, सेंट्रिंगच्या प्लेटा आणि फर्मचे नाव मुलगी सुवर्णा हिला. ती इंजिनिअर आहे व माझे ऐकत नाही, दोन्ही गुण धंद्याला लागतात. बँकेतील ठेव मुलगा नागसेन याला. त्याने माझा ओळंबा दिवाणखान्यात टांगायला मागितला होता. ओळंबा सुवर्णालाच, कामावर नेऊन भिंती सरळ आहेत का ते पाहण्यासाठी.

३. गावातलेच ठेकेदार वामनराव खर्चे यांच्याविषयी. तीस वर्षे आम्ही एकमेकांच्या कामांवरून चकरा मारतो, हातात पिशवी घेऊन, भाजीला निघाल्यासारखे. माझी घरे काळ्या मातीत का तडकत नाहीत, असे त्यांनी एकदा सरळ विचारले. पायाच्या खड्ड्यात गूळ-मेथीचे पाणी सोडतो, असे मी सांगितले. त्यांनी मेहुण्याच्या गोदामाखाली दोन ढेपा गूळ जिरवला. गोदाम तडकले ते तडकलेच, वर मुंग्या झाल्या. याबद्दल मी दिलगीर आहे. पूर्वी नव्हतो.

४. खरे कारण लाल वहीत आहे. मे महिन्यात काळ्या जमिनीला भेगा पडतात. भेगेत सळई सोडायची, ती टेकेल तिथून हातभर खाली पाया न्यायचा, आणि फरशीखालची काळी माती काढून मुरूम ठोकायचा. साखरखेर्ड्यापासून वरवट बकालपर्यंतच्या भेगांची मापे मी तीस उन्हाळे लिहिली आहेत. ही वही माझ्या मृत्यूनंतर ठेकेदारांच्या बैठकीत वाचावी.

इथवर मजकूर सुवर्णाने टाइप केला आणि ती थांबली. वामनराव येत्या सोमवारी वरवट बकालला शाळेच्या दोन खोल्यांचा पाया खोदणार आहेत. पावसाने भेगा मिटल्या आहेत, सळई सोडायला जागा नाही. तिथले माप फक्त वहीत आहे. ती म्हणाली, "बाबा, पोरायच्या वर्गाले तडा जाऊ नये म्हणून तुम्हाले शुक्रवारीच मरा लागते का?"

मला राग आला. मग भीती वाटली, कारण मला मरायचे नाही, आणि तडाही नको आहे.

५. सबब कलम चारमधील "माझ्या मृत्यूनंतर" हे शब्द रद्द. वामनरावांना आज घरी बोलावून वही हातात दिली. बाकी ठेकेदारांना सुवर्णाने वहीची झेरॉक्स द्यावी. वकीलबाई म्हणतात, ज्याला मृत्युपत्राने काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. म्हणून स्पष्ट करतो की वामनरावांना या कागदाने काहीही मिळत नाही. जे मिळायचे ते ओट्यावर चहाबरोबर मिळाले.

साक्षीदार म्हणून त्यांनी सगळा कागद वाचला. कलम तीन दोनदा वाचले. मग म्हणाले, "दयाराम, मरू नको बे. मेहुण्यानं अकरा वर्षं मुंग्या झाडल्या. त्याच्यासमोर तुले उभा करायचा हाय."

हे वाचून, समजून, चहा संपवून सही केली.

ठिकाण : धामणगाव बढे
दिनांक : १७ सप्टेंबर २०२५

(सही) दयाराम संपत इंगळे

साक्षीदार :
१. (सही) अनुपमा वानखडे, वकील
२. (सही) वामनराव खर्चे

दुसऱ्या सहीखाली, वामनरावांच्या हस्ताक्षरात : जिन्याच्या वर आणि खाली फरशी किती जाड बसेल ते आधी धरूनच पायऱ्या आखाव्या, म्हणजे शेवटची उंच होत नाही. तीस वर्षांत हे कोणाला सांगितले नव्हते. जनकावहिनींची पायरी शुक्रवारच्या आत येऊन नीट करतो.